नल्लकुंट्यात अर्धवट राहिलेला सिनेमा

मी टीव्ही बोलतोय, नल्लकुंट्यातल्या माधवरावांच्या बैठकीतला. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते कोठीच्या बाजारातल्या एका दुकानात. तिथून माधवराव, त्यांच्या पत्नी इंदुमती आणि मुलगी योगिनी मला रिक्षातून घरी घेऊन आले. इंदुमतींनी मला हळदकुंकू वाहिलं.

तेव्हापासून या तिघांना मी समोरून बघत आलोय. माधवराव कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बातम्या चालू असताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही. इंदुमती मालिका बघता बघता भाजी निवडतात. योगिनी तारनाक्याला विद्यापीठात संशोधन करते. माझ्यासमोर ती क्वचितच बसते.

म्हणून गेल्या रविवारी दुपारी तिनं स्वतःहून सिनेमा लावला, तेव्हाच मला धास्ती वाटली. सिनेमा इथलाच, अर्धा तेलुगू, अर्धा दखनी उर्दू. इथली एक मुलगी आणि शिकायला आलेला एक आफ्रिकन मुलगा, यांच्या प्रेमाची गोष्ट.

सुरुवातीला विनोद होता. तो मुलगा लिफ्टमध्ये शिरला की मुलीचा काका आपले खिसे चाचपतो. माधवराव खो खो हसले. काकानं पुन्हा खिसे चाचपले, ते पुन्हा हसले. योगिनीनं उशी पोटाशी घट्ट धरली होती. माझ्या उजेडात तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता. माझा आवाज मला कमी करता आला असता तर मी केला असता.

मग सिनेमातल्या त्या मुलाच्या खोलीबाहेर जमाव जमला. दार धडाधड वाजू लागलं. माधवरावांचं हसू थांबलं.

"बाबा, त्या जमावात तुम्ही असता का?" योगिनीनं विचारलं.

"असं का विचारतेस?"

"कारण आतलं माणूस माझं आहे."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. टांझानियाचा बराका तिच्याच विभागात शिकतो. दोघांना लग्न करायचंय. परवा घरमालकानं त्याचं सामान रस्त्यावर फेकलं, गल्लीतले लोक अंगावर धावून आले, आणि तेव्हापासून तो मित्राच्या खोलीत दार लावून बसलाय.

माधवरावांनी रिमोट उचलला आणि मला बंद केलं.

बंद झालो की मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. आता या घरात काय होणार, या भीतीनं मी गारठलो.

आधी इंदुमतींचा आवाज आला. "बराका म्हणजे काय गं?"

"बरकत."

"आपल्या शेजारच्या बरकतपुऱ्यातली?"

"हौ आई, तीच." योगिनीला रडू फुटलं.

मग माधवराव खाकरले. लग्नाबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत.

"त्याला लागलंय का कुठं?"

"कपाळाला."

"चप्पल घाल. आपण त्याला घेऊन येऊ."

आता बराका माझ्यासमोरच्या दिवाणावर झोपतो. माधवराव अजून त्याच्याशी मोकळेपणानं बोलत नाहीत. शेजारचे हिम्मतराव बातम्या बघायला यायचे, ते यायचे बंद झालेत. तो सिनेमा पुन्हा कुणी लावलेला नाही.

माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातल्या टीव्हीसमोर खो खो हसाल, तेव्हा शेजारी कोण गप्प बसलंय तेही एकदा बघा.

खाली रस्त्यावर कुणी मोठ्यानं बोललं, की चौघंही माझ्याकडे बघायचं सोडून दाराकडे बघतात. आवाज लांब जाईपर्यंत कुणी हलत नाही.