गाडीतळाचे पाच दिवे

शिरूरकडच्या त्या बाजारगावात वीज आली ती एकसष्ट साली, आणि गाडीतळाला दिवे किती लागतील हे काढायचं काम पंचायतीनं याकोब मास्तरांच्या गळ्यात घातलं. मिशनच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस. अचूक आणि फुकटचा. मास्तरांनी मात्र ते हौसेनं घेतलं. दर बाजाराला राहू-तळेगावकडच्या गाड्या पहाटेच्या अंधारात तळावर घुसत आणि कुणाचा तरी पाय चाकाखाली जाई. मग मास्तरांची बायको दबोरा मिशनच्या दवाखान्यात तो पाय बांधत बसे. गेल्या बाजाराला मल्हारी गाडीवानाची तर पायाची दोन बोटंच गेली होती.

मास्तरांनी बांबूला गॅसबत्ती टांगली, खाली मल्हारीचे बैल उभे केले, एक काळा, एक तांबडा, आणि कुठला कोणता हे कळेनासं होईपर्यंत मागं मागं चालत गेले. एका दिव्याची पोच चाळीस पावलं भरली. त्या मापानं सगळा तळ मोजला. उत्तर आलं पाच.

सरपंच सर्जेराव आबांनी कागद वाचून मांडीवर थाप मारली. "मास्तर, काय नेमका आकडा काढलाय! बेंदराला मिरवणुकीत मानाचे बैल पाच घरचे, दिवे बी पाच. कुनाची तक्रारच न्हाई."

"आबा, पन दिवे तळासाठी हायेत."

"तळाला कसला आलाय मान?"

ठराव एकमतानं झाला. पाच मानकऱ्यांच्या दारांत पाच खांब उभे राहिले आणि मास्तरांना सत्काराचा नारळ मिळाला. दबोरा नारळाकडं बघून म्हणाली, "ह्यानं मल्हारीची बोटं उगवत्यात का?"

पुढच्या बाजाराला मास्तर पहाटेच वेशीत जाऊन उभे राहिले. मल्हारीनं गाडी थांबवून विचारलं, "मास्तर, कुठं सोडू?"

"उजेड दिसंल तिथं."

मल्हारीमागं साठ-सत्तर गाड्या वळल्या. उजाडलं तेव्हा आबांच्या दारात जू, कडबा आणि घोटाभर शेण होतं, आणि आबांना घराबाहेर पडायला गाडीखालून रांगावं लागलं. बाकीच्या चार दारांतही तीच तऱ्हा. आठ दिवसांत पाचही खांब उपटून गाडीतळावर गेले. तोही ठराव एकमतानंच झाला.

त्यानंतरच्या बाजाराला दबोरा दवाखान्यात पट्ट्या घेऊन बसली, मास्तरही येऊन बसले, पण गाडीवान एकही आला नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दोघा गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून सर्जेराव आबाच लंगडत आले. दारातला खांब उपटला होता, खड्डा बुजवायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. अंधारात पाय नेमका त्यात गेला.

"मास्तर," आबा कण्हत म्हणाले, "आमच्या दाराला दिवे किती लागतील, तेवढं काढा की."

मास्तरांनी पट्टी बांधणाऱ्या दबोराकडं एकदा पाहिलं. "एक बी न्हाई, आबा. दोन पाट्या माती लागंल."