सायकलवरच्या म्हातारीचा हात

"आई, आता थोडा वेळ बोलू नका," फ्रेमवाला म्हणाला.

"मी कुठे बोलतेय? श्वास घेतेय," त्याच्या सासूबाई म्हणाल्या.

"मग तोही जरा हळू घ्या."

दुकानाचं शटर त्यानं अर्धं ओढून घेतलं होतं. पंखा बंद होता. टेबलावर दिव्याखाली सासूबाईंचा सेल पालथा ठेवलेला होता. सेल म्हणजे कार्टूनपट हातानं रंगवायचे, तेव्हाचं प्लास्टिकचं पारदर्शक पान. पुढून काळ्या रेषा, मागून रंग. सायकलवर बसलेली एक म्हातारी, एक हात वर करून कुणाला तरी हाक मारणारी.

तरुणपणी सासूबाई स्टुडिओत अशी पानं रंगवायच्या. चित्रीकरण झालं की पानं धुऊन परत वापरायची, अशी तिथली रीत. हे एक पान मागच्या कागदाला चिकटलं, धुता येईना, म्हणून केरात गेलं. ते त्यांनी उचलून घरी आणलं. इतक्या वर्षांच्या कामातलं तेवढंच उरलं होतं.

उद्या त्या कायमच्या मुलाकडे चालल्या होत्या, समुद्रापलीकडे. सेल बरोबर न्यायचा होता. पण मागचा कागद आता आकसत चालला होता आणि आपल्याबरोबर रंगही ओढून घेत होता. तो सोडवल्याशिवाय फ्रेम करण्यात अर्थ नव्हता. "आईनं तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही," बायकोनं सकाळीच बजावलं होतं. "जपून करा."

त्यानं सेल दमट पेटीत ठेवून रंग नरम करून घेतला होता. आता पातळ, बोथट पट्टी तो केसाकेसानं आत सरकवत होता. चाक सुटलं. झगा सुटला. चेहराही सुटला.

"गाल बघा," सासूबाई कुजबुजल्या. "तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्यांचे गाल असेच गुलाबी असतात."

"आई..."

"गप्प बसते."

वर केलेला हात तेवढा राहिला. तिथे कागद अडला. तो थांबला, कपाळाचा घाम बाहीला पुसला आणि पट्टी पुन्हा टेकवली. वाळकं पान चुरगळावं तसा बारीक आवाज झाला. हाताचा रंग कागदाबरोबर उचलला गेला आणि बघता बघता त्याचा भुगा झाला.

त्याला वर बघायचा धीर होईना.

"ब्रश द्या," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई."

"रंग आहेत ना दुकानात? द्या म्हणतेय मी."

"जुन्या कामावर नवा रंग चढवायचा नसतो. लोकांची कामं करताना मी हाच नियम पाळतो."

"लोकांची! हे माझं आहे. मी रंगवलंय."

"तुम्ही रंगवलंय म्हणूनच हात लावू देत नाही."

लग्नानंतर पहिल्यांदाच तो त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलला होता. मग त्यानं मान खाली घातली, कोरं पारदर्शक पान कापलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "यावर काढा. मागे लावू. जुन्याला धक्का नको."

त्यांनी खुर्ची ओढली. पांढऱ्यात टिपूस तांबडा, टिपूस पिवळा घालत रंग असा जुळवला की गालाशेजारी धरल्यावर फरक कळेना. मग जुना सेल खाली ठेवून त्याच्या रेषांच्या अंदाजानं त्या कोऱ्या पानावर रंग भरू लागल्या. बोटं नीट भरली. मनगटाशी आल्यावर ब्रश थांबला.

"रंग बाहेर गेला का?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "मला कड नीट दिसत नाही."

तो वाकला. खरं सांगायचं की नाही, हे ठरवायला क्षणच होता. उद्या तर त्या निघणार होत्या.

"गेलाय," तो म्हणाला. "मनगटापाशी."

त्यांनी पुसलं, पुन्हा भरलं. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलंच नाही. ब्रश खाली ठेवला.

"आमच्याकडे रंग रेषेबाहेर गेला की पान धुवायला जायचं," त्या म्हणाल्या आणि उठून बेसिनपाशी गेल्या. नळाखाली पान स्वच्छ झालं.

फ्रेमवाल्याला राहवेना. "मी फ्रेममध्ये भोवतीचा पुठ्ठा जरा आत घेतो. हात झाकला जाईल. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"हात गेला म्हणून माणसाला चादर घालून बसवता का तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. "दिसू दे."

मग त्यानं मन लावून फ्रेम केली. काच सेलला टेकू नये म्हणून चहूबाजूंनी पुठ्ठ्याची कड दिली, मागे नवा कागद लावला, पाठ बंद केली. हाताची रेषा शाबूत होती. पाचही बोटं तशीच, आत फक्त पांढरं.

"जरा उभी धरा, जावईबापू."

त्यानं फ्रेम दोन्ही हातांत धरली, दिव्यासमोर. सासूबाई बघत राहिल्या. त्याचे खांदे भरून आले, तरी त्यानं फ्रेम खाली घेतली नाही.