त्रेचाळीस सेकंदांची पाल

सोमवारपासून धोंडुबाईंनी घरात टकटक लावली होती. भाकरी थापता थापता परातीच्या काठावर, मेथी निवडताना पाटावर, टीव्ही बघताना खुर्चीच्या हातावर. मधलं बोट वाकवून तीनदा टक, टक, टक करायचं आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा कामाला लागायचं.

कृष्णात मिस्त्रींनी सोमवारी तिकडं लक्ष दिलं नाही. मंगळवारी दुपारी मात्र त्यांना राहवेना.

"काय गं, सकाळधरनं सारखं काय बडवायलीयास?"

"मी कुठं बडवतो?" धोंडुबाई म्हणाल्या. "पाल बोलाल्या नव्हं. कालपास्नं नुसतं डोस्कं उठवलंय तिनं. तुमास्नी ऐकू येत न्हाय व्हय?"

पाल चुकचुकली की बायका 'कृष्ण कृष्ण' म्हणत बोटानं टकटक करतात. धोंडुबाईंची पंचाईत अशी की त्यांच्या नवऱ्याचंच नाव कृष्णात. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हे त्यांनी बेचाळीस वर्षं पाळलं होतं, त्यामुळं देवाचं नावही त्यांना बंद झालं होतं. नुसतं बोट काय ते उरलं होतं.

"येतंय की," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

साफ खोटं बोलले. त्यांना पाल ऐकूच आली नव्हती.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नसेल ऐकू आली, त्यात काय एवढं? पण कृष्णात चौगुले म्हणजे छत्तीस वर्षं साखर कारखान्यात फिटर. चालत्या मशीनला लोखंडी सळईचं एक टोक लावायचं, दुसरं टोक कानामागच्या हाडावर टेकवायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, हे बेअरिंग दिवाळी बघणार नाही. दिवाळीआधी ते बेअरिंग जायचंच. ह्या माणसाच्या कानाला मशिनरी घाबरते, असं निरोप समारंभात चेअरमनांनी भाषणात सांगितलं होतं. ते वाक्य मिस्त्रींनी पाहुण्यारावळ्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की धोंडुबाईंना त्यातली टाळ्यांची जागासुद्धा पाठ होती.

आणि नेमका ह्याच सोमवारी सकाळी विश्वजितचा फोन आला होता. हा विश्वजित पूर्वी मिस्त्रींच्या हाताखाली तेलाचा डबा घेऊन फिरायचा, आता त्याच कारखान्यात चीफ इंजिनिअर झाला होता. "मिस्त्री, मिलचा मोठा गिअरबॉक्स मोकळा चालवून बघतोय. मीटर म्हणतोय सगळं बरोबर हाय, पण माझं मन मानंना. रविवारी बॉयलर पेटणार. मधीच गाळप थांबलं तर ऊस वाळंल लोकांचा. गुरुवारी गाडी घेऊन येतो. तुमचा कान पायजे." मिस्त्री छाती फुगवून म्हणाले होते, "येतो की! त्यात काय!"

आता मंगळवारी दुपारी ते गॅलरीत बसून विचार करत होते. एक तर बायकोला नसलेली पाल ऐकू येते, नाहीतर आपल्याला असलेली पाल ऐकू येत नाही. दोन्हीतलं कुठलंही निघालं तरी वाईटच. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना वाटून गेलं, बिघाड हिच्यातच असू दे. असं वाटल्याची त्यांना लाज वाटली, पण वाटलं होतं खरं.

बुधवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि मेथीची जुडी सोडून बसलेल्या धोंडुबाईंच्या समोर ठाण मांडलं. बिघाड कसलाही असो, आधी मोजायचं, मग बोलायचं, ही त्यांची जुनी सवय.

टक, टक, टक. त्यांनी सेकंदकाट्यावर नजर ठेवली. पुन्हा टक, टक, टक. त्रेचाळीस सेकंद झाले होते. पुढची टकटक पुन्हा त्रेचाळिसाव्याला. मग एकदा एकदम शहाऐंशी. मिस्त्री दचकले, पण लगेच त्यांच्या ध्यानात आलं की मधल्या वेळी तिचे दोन्ही हात मेथीनं भरलेले होते. शहाऐंशी म्हणजे त्रेचाळिसाची दुप्पट. एक टकटक तेवढी राहून गेली होती.

मिस्त्रींच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे; कारखान्यात बिघाडाचं शेपूट हाती लागलं की यायचा तो. पाल काय घड्याळ लावून बोलते? आणि भास तरी असा काट्यावर होतो का? इतकं नेमानं चालतं ते फक्त मशीन.

म्हणजे बायको ठणठणीत होती. ह्या घरात एक मशीन बोलत होतं आणि ते तिला ऐकू येत होतं. पुढचा हिशेब मिस्त्रींनी मनात अर्धाच सोडला आणि ते उठले.

आधी त्यांनी मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला.

"लाईट गेली व्हय?" धोंडुबाई म्हणाल्या आणि पाटावर टक, टक, टक.

म्हणजे ते विजेवर चालणारं नव्हतं. ज्याच्या पोटात स्वतःचा सेल आहे असं काहीतरी होतं. मिस्त्रींनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून सेल काढला. रिमोटचे दोन काढले. हातबॅटरीचे काढले, बीपीच्या मशीनचे चार काढले, वजनकाट्याचा काढला. सगळे एका ताटलीत ओळीनं मांडले. टकटक काही थांबली नाही.

"अवं, काय करालाय काय तुमी?"

"पाल धरालोय."

"सेल काढून?" धोंडुबाईंनी मेथी बाजूला सारली. पासष्टीला आलेल्या नवऱ्याकडं त्यांनी अशा नजरेनं बघितलं की मिस्त्रींना काल बायकोविषयी आलेली शंका आता त्यांना नवऱ्याविषयी आली असावी.

आता इलाज नव्हता. शोध घ्यायचा तर कान पाहिजे होता. "ऊठ," मिस्त्री म्हणाले. "घरभर हळूहळू हिंड. जिथं आवाज लई मोठा लागंल तिथं थांब."

"मी? कारखाना ज्यांच्या कानावर चालायचा ते काय करणार?"

"मी घड्याळ बगतो. तू चाल की!"

धोंडुबाई पदर खोचून निघाल्या. हॉलमध्ये त्यांनी मान हलवली. देवघरापाशी थांबल्या, पुन्हा मान हलवली. मिस्त्री मागून घड्याळ धरून चालले होते आणि बेचाळीस झाले की "आता, आता" म्हणत होते. प्रत्येक वेळी 'आता' म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळायचा. स्वयंपाकघर आणि हॉल ह्यांच्या मधल्या बोळात त्या एकदम थबकल्या. भिंतीवर टकटक करायला उचललेलं बोट तसंच वर गेलं.

"अगं बया! पाल कुठली? तुमच्या लेकीचं झाकण बोलालंय!"

छताला बशीएवढं पांढरं झाकण होतं. धूर झाला की बोंबलणारा भोंगा. तो बसवला त्यालाही कारण होतं. फेब्रुवारीत धोंडुबाई महादेवाला गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या होत्या, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. मिस्त्री लगतच्या गॅलरीतच बसले होते. बाई परत आल्या तेव्हा डाळीचा कोळसा झाला होता, घर धुरानं भरलं होतं आणि मिस्त्री शांतपणे पेपर वाचत होते. "शिट्टी झालीच न्हाय" हा त्यांचा हेका. मे महिन्यात डब्लिनहून लेक संयोगिता आली ती हा भोंगा घेऊनच आली. तिकडं म्हणे घरोघरी असतो. एकदा मिरच्या भाजताना तो बोंबलला, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधली शिवलीला धावत आली होती आणि मिस्त्रींनी गॅलरीतून विचारलं होतं, "काय झालं?"

मिस्त्री स्टुलावर चढले. झाकण फिरवून उतरवलं, पाठ उघडली. आत चौकोनी सेल. तो काढल्यावर त्यांनी धोंडुबाईंना पुरी पाच मिनिटं बोळात उभं केलं. बोट हललं नाही. सेल संपत आला की हे यंत्र अधूनमधून चिवचिवून नवा सेल मागतं, हे मागच्या चिकटपट्टीवरच्या चित्रावरून त्यांच्या लक्षात आलं. किती सोपं! त्यांना त्या यंत्राचं कौतुक वाटलं. चौकातून ते नवा सेल घेऊन आले, बसवला, झाकण छताला लावलं. मध्ये एक बारकं बटण होतं. नवीन काही बसवलं की चालवून बघायचं, हा तर नियमच. त्यांनी बटण दाबलं.

बोटाच्या टोकाला बारीक थरथर लागली. कानाला लागलं ते बंद डब्यात माशी अडकावी एवढं. सेलच कमी दिसतोय, असं म्हणत त्यांनी बटण आणखी जोरात दाबून धरलं आणि खाली बघितलं. धोंडुबाई दोन्ही कान दाबून भिंतीला टेकल्या होत्या आणि तोंडानं काहीतरी ओरडत होत्या. दार ढकलून शिवलीला उलथन्यासकट आत आली होती.

त्यांनी बोट काढलं.

"काका! गॅस पेटला काय? जिन्यापर्यंत कान फुटालेत!"

"काही न्हाय. टेस्टिंग," मिस्त्री म्हणाले. शिवलीला काकूंकडं बघत बघत निघून गेली.

मिस्त्री स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. मघाशी अर्धा सोडलेला हिशेब आता आपोआप पुरा झाला होता.

"मला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "पाल न्हाय, भोंगा न्हाय. त्या दिवशी कुकर बी वाजला आसणार. बारीक आवाज सगळा गेलाय माझा. आणि दुखण्याची पहिली हाक मशीन बारीक आवाजातच मारतंय." आयुष्यात एकच गोष्ट मिरवली होती, तीच कधी गेली ते कळलंही नव्हतं.

"त्या डाळीवरनं आठ म्हैनं भांडतोय मी तुमच्यासंगं," धोंडुबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मुद्दाम बसून राहिलासा." त्यांनी डोळे पुसले आणि नवऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"विश्वजितला फोन करतो. ताप आलाय म्हणून सांगतो."

"आणि उसाचं? ताप आला म्हणून मशीन बरं हुतंय व्हय?" मग त्यांनी विचारलं, "त्या मशिनीत तुमी ऐकता तरी काय, नेमकं?"

छत्तीस वर्षांत हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं, आणि नवऱ्यानंही कधी सांगितलं नव्हतं. मिस्त्री आपसूक खुलले. "गिअर चांगला आसला की एकसारखा घुमतोय. पण एकाद्या दाताला चीर गेली की प्रत्येक फेऱ्याला, त्या दाताची पाळी आली की, टिक करतंय. किती सेकंदानं करतंय ते मोजलं की कुठलं चक्र ते कळतंय."

"म्हंजी पालीगत?"

"व्हय. पालीगतच..." आणि मिस्त्री बोलता बोलता थांबले. हातातल्या घड्याळाकडं बघितलं, मग बायकोकडं.

गुरुवारी विश्वजित गाडी घेऊन आला तेव्हा दोघंही फाटकाशी तयार उभे होते. मिस्त्रींच्या हातात सळई होती. "विश्वजित, आधी ऐक," ते म्हणाले. एवढं मोठं वाक्य बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. "माझा कान गेलाय. हिचा शाबूत हाय. कान हिचा, मोजणं माझं. चालत आसंल तर गाडी काढ, न्हायतर वर चल, च्या पिऊन जा."

विश्वजितनं मागचं दार उघडलं. "बसा काकू."

मिलमध्ये गिअरबॉक्स मोकळाच घुमत होता. पदरावर पिवळं हेल्मेट घातलेल्या धोंडुबाईंना बघून दोन तरुण इंजिनिअर गालात हसले. मिस्त्रींनी दाखवलेल्या जागी बाईंनी सळई टेकवली, दुसरं टोक कानामागं लावलं आणि डोळे मिटले. डावा हात त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर ठेवला. पहिल्या जागी काही नाही, दुसऱ्या जागीही नाही. तिसरी जागा मोठ्या चक्राची. मिस्त्रींना फक्त घरघर ऐकू येत होती.

मनगटावर टक, टक, टक.

त्यांनी काट्यावर नजर रोखली. दहा, अकरा, बारा, तेरा. टक, टक, टक. पुन्हा तेरा. सलग नऊ वेळा त्यांनी मोजलं, आणि एकदाही चुकलं नाही.

"मोठं चक्र," ते म्हणाले. "एकच दात. खोला."

खोलायला दोन तास गेले. एका दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. विश्वजितनं कपाळाला हात लावला. हसणाऱ्यांपैकी एक जण पळत जाऊन तपासणीची वही घेऊन आला. "मिस्त्री, तुमचंच नाव लिहितो."

"ऐकलं कुणी? तिला विचार."

"काकू, पूर्ण नाव?"

"धोंडुबाई," त्या म्हणाल्या आणि अडल्या. पुढचं नाव घ्यायचं कसं? चारचौघांत त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बोट वाकवून गिअरबॉक्सच्या झाकणावर तीनदा टकटक केलं.

पोरगा पेन धरून तसाच उभा. मिस्त्रींनी मात्र ते पुरं ऐकलं होतं.

"धोंडुबाई कृष्णात चौगुले," ते म्हणाले. "लिही."