पंपाच्या जागेवरची बाटली

मी एक जुनी थेंबांची बाटली आहे, मित्रांनो. बूच चिकटलंय, पोट खडखडीत कोरडं. पण एके काळी माझ्यावर पैज लागली होती, बरं का.

शिंपी आजोबांनी मला नातीसाठी आणलं. नात तीन वर्षांची, नाव चिमणी. सर्दी झाली की तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. आजोबा म्हणायचे, "निघाली आमची आगगाडी." मग तिची आई फळीवरचा दम्याचा पंप तिच्या तोंडाला लावायची आणि गाडी थांबायची. माझ्या पोटात चांगले जंतू होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "द्यायचे तर द्या. उपयोग होईलच असं नाही. पंप मात्र सोडू नका."

समोरचा न्हावी मला बघून आजोबांना हसला. "या पाण्यानं शिट्टी थांबणार? थंडीत एकदा जरी वाजली, तर भर चौकात तुझी मिशी काढीन."

"आणि नाही वाजली तर?" आजोबांनी विचारलं.

"घोडा होईन. चिमणीला पाठीवर घेऊन चौकाला फेरी."

चिमणी टाळ्या पिटायला लागली. रोज थेंब घेताना विचारायची, "घोडा कधी?"

आजोबांना पैज चोख जिंकायची होती. पंप दिला तर गुण कुणाचा, ते कळणार कसं? त्यांनी पंप उचलून मशीनच्या खणात, बटणांखाली टाकला आणि त्याच्या जागी मला ठेवलं. सुनेला सांगायचं राहून गेलं.

एका दुपारी आजोबा कापड आणायला गेले होते. चिमणीला धाप लागली. ओठ निळे पडले. आईनं न बघताच फळीवर हात घातला. हाताला मी लागले.

तिनं सगळं घर उपसलं. खण तेवढा राहिला. आमची आगगाडी कायमची थांबली.

मित्रांनो, आम्हां बाटल्यांना घरात जागा द्या, पण दुसऱ्याची देऊ नका. एवढंच मागणं.

काही दिवसांनी आजोबांनी स्वतःच खुर्ची चौकात मांडली. न्हावी म्हणाला, "जाऊ दे रे. गंमत होती ती."

"काढ," आजोबा म्हणाले.

न्हाव्यानं वस्तरा चालवला. चिमणी ओढायची ती मिशी मांडीवर पडली. न्हावी वस्तरा पुसत राहिला.

"मला हरायचंच होतं रे," तो म्हणाला. "गुडघ्यांना बांधायला चिंध्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या."