काळ्या मातीचं माळवद

तातेराव आणि संतराम या दोन भावांची वाटणी झाली तेव्हा पंच आम्ही दोघं होतो. एक रामकिशन पाटील, दुसरा मी. बैलं, शेत, भांडीकुंडी सगळं वाटून झालं. घर मात्र एकच, लांबलचक. त्याच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, आम्ही सूत धरून चुन्याची रेघ मारली. थोरला म्हणून तातेरावानं देवघर असलेली उगवतीची बाजू घेतली, मावळतीची संतरामाला गेली. रेघ सरळ होती. पुढं जे झालं त्यात पंचांचा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वाटता आल्या नाहीत त्या भादव्यातल्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी कायम शेजारी शेजारी बसणार. त्यांना तोडायची हिंमत निजाम सरकारलाही झाली नसती, मग आमची काय कथा! दोन्ही जावा हट्टाला पेटल्या. धाकटी नर्मदाबाई म्हणाली, "माझी चार लेकरं हायत, सण लेकरांच्या घरात शोभतो." थोरल्या गोजरबाईला मूलबाळ नव्हतं. महालक्ष्म्यांपुढं त्यांची पिलवंडं, म्हणजे लेकरांच्या मूर्ती, बसवतात, एक मुलगा, एक मुलगी. गोजरबाई मला हळूच म्हणाली, "काका, वर्साचे तीन दिस माझ्या घरात लेकरं बसत्यात. तेवढी तोडू नका." मी उपरण्यानं डोळे पुसले. पण पंचानं रडून कसं चालेल?

शेवटी रामकिशन पाटलांना तोड सुचली. या घराचा जुना रिवाज असा, की महालक्ष्म्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य आणि सोळाही घरच्या परसातल्या. बाजारची काडी चालत नाही. तेव्हा ज्या परसात सोळा भाज्या पिकतील, त्या घरी लक्ष्म्या. दोघी कबूल झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून परसात माती उकरायला लागल्या.

मिरगाचा पाऊस पडला आणि सगळ्या गावाला कळलं, की माळवदाचा उतार मावळतीकडं आहे. पाण्याला चुन्याची रेघ कळत नाही. दोन्ही भावांच्या माळवदावरचं पाणी एकाच पन्हळीतून धो धो नर्मदाबाईच्या परसात पडायचं. तिनं खाली गुरांची दगडी डोण लावली, दोन रांजण लावले आणि सगळं भरून झाकून ठेवलं. पाऊस दडी मारून बसला, की ती तांब्या तांब्यानं कारली, दोडक्यांना घालायची. गोजरबाईला विहिरीचा उतार उतरून घागर आणावी लागे आणि तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते. तातेराव घागर उचलेल तर शपथ. त्याच्या मिशीला ते झेपत नव्हतं.

"माझ्या माळवदावरचं पाणी तू काहून घेऊन राहिला?" तातेरावानं धाकट्याला जाब विचारला.

"दादा, मी कुठं बोलावलं त्याला? ते आपल्या पायानं येऊन राहिलं," संतराम म्हणाला.

झालं! तातेराव इरेला पेटला. रेघेपाशी उंच माती चढवून आपल्या बाजूचा उतारच उगवतीकडं फिरवायचा, असं त्यानं ठरवलं. आता माळवदावर पांढरी माती टाकतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. गढीच्या पडक्या भिंतीची माती, तिच्यातून थेंब आत येत नाही. पण तातेरावानं शेतातली काळी माती गाड्या भरभरून आणली.

"अरे, काळी कशाला?" मी विचारलं.

"काका, माझ्या रानातली माती म्हंजे सोनं. गोजरीच्या भाजीला मी पडक्या भिंतीचं पाणी पाजू व्हय? काई तरीच!"

कळमनुरीच्या बाजारातून त्यानं पत्र्याची नवी पन्हळ आणली. तिच्याखाली घंगाळं, हंडे, रांजण अशी लग्नाची पंगत मांडली आणि मिशीला पीळ देत ओट्यावर बसला.

आखाडात पाऊस आला. चांगला दणकून आला. पन्हळीतून मात्र थेंब पडेना. काळी माती सगळं पाणी पिऊन टम्म फुगली आणि पोट भरल्यावर तिनं ते खाली सोडलं. खाली म्हणजे तातेरावाच्या ताटात. गोजरबाईनं बाहेरची भांडी एकेक करून आत आणली. चुलीपाशी घंगाळ, उतरंडीपाशी हंडा, देवघरात परात. आमचा तातेराव स्वयंपाकघरात छत्री धरून भाकरी खात होता. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात भाकरी, मग कालवणात हात कुठला घालणार? छत्री गोजरबाईनं धरली.

गावात हसू झालं, पण हार मानेल तो तातेराव कसला! "लोक बाहेरून पाणी आणत्यात," तो पारावर सांगायचा, "माझ्या घरात पाणी आपणहून येतं." गोजरबाईनं नवऱ्याशी वाद घातला नाही. गळकं पाणी तिनं गाळून रांजणात भरलं आणि श्रावणातल्या उघडिपीत तेच वाफ्यांना घातलं. खरं सांगायचं तर परस हिरवंगार झालं. मला त्या बाईचं कौतुक वाटलं आणि तातेरावाचा रागही आला.

श्रावणाच्या उन्हानं माळवदावरच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. काळी माती भेगाळते हे तातेरावाला शेतात ठाऊक होतं, घरावर ठाऊक नव्हतं. भादव्याच्या सरींचं पाणी त्या भेगांतून थेट लाकडांत मुरलं.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी आम्ही पंच मोजायला गेलो. गोजरबाईच्या परसात पंधरा भाज्या भरल्या. नर्मदाबाईकडंही पंधराच. तिचा तांबड्या भोपळ्याचा वेल जोमानं वाढला होता, पण भोपळा कुठं दिसेना. वेलाचा माग काढत आम्ही मान वर केली. वेल भिंतीवरून माळवदावर गेला होता, चुन्याची रेघ ओलांडून तातेरावाच्या काळ्या मातीत पसरला होता आणि तिथं ऐन मधोमध घागरीएवढा भोपळा बसला होता.

"वेल माझा!" नर्मदाबाई ओरडली.

"माळवद माझं! फळ माझ्या मातीत हाय!" असं म्हणत तातेराव शिडीनं वर चढलासुद्धा.

"दादा, माळवद भिजलंय, पाय जपून," संतराम खालून ओरडला. ऐकतो कोण! भोपळ्याच्या बरोबर खाली देवघर होतं, म्हणून आम्ही आत धावलो. वर धप धप पावलं वाजली, मग काहीतरी कडकन मोडलं. आधी भोपळा आला, तो खालच्या परातीत पडून पाणी उडालं. त्याच्या मागून चिखल आला. मग धोतरासकट तातेरावाचा डावा पाय आला आणि तिथंच लटकत राहिला.

"लागलं का वं?" गोजरबाईनं वर बघत विचारलं.

"न्हाई," वरून आवाज आला. "भोपळा आला का खाली?"

भोपळा आला होता. गोजरबाईच्या घरात, तिच्या परातीत, पंचांच्या डोळ्यांसमोर. सोळा भाज्या भरल्या होत्या. पण पाय लटकत होता तो बरोबर लक्ष्म्यांच्या जागेवर, आणि पायाच्या कडेनं आभाळ दिसत होतं. गोजरबाईनं ते भगदाड पाहिलं. पदरानं भोपळा पुसला, कडेवर घेतला आणि धाकट्या जावेच्या दारात गेली.

"घे. सोळावी," ती म्हणाली. "माझ्या घरात लक्ष्म्या भिजतील. तुझ्याकडंच बसव." एवढं बोलली आणि ढसाढसा रडली.

नर्मदाबाई जिभेची तिखट, पण त्या वेळी तिचेही डोळे भरले. तिनं भोपळ्याला हातच लावला नाही.

"अक्का, वेल माझा असंल, पण वाढला तुमच्या कडेवर," ती म्हणाली. "माझी चारी पोरं तशीच वाढली न्हाईत का? लक्ष्म्या बसू द्या इकडं कोरड्यात, पण बसवायच्या तुमी. पिलवंडं तुमच्या हातानं मांडायची. आन् तीन दिस माझी चारी तिकडं घेऊन जा, जीवाला जरा आराम पडंल."

तसंच झालं. गोजरबाईनं लक्ष्म्या बसवल्या, पिलवंडं मांडली आणि घरी आली तर देवघरातल्या भगदाडाखाली चारही पोरं चिखलात लोळत होती. तातेराव त्यांच्यावर खेकसत होता. गोजरबाईनं त्यालाच गप्प केलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, असं म्हणतात.

पुढं भावांनी मिळून काळी माती उतरवली, पांढरी चढवली आणि त्यात आमची चुन्याची रेघ गेली ती गेलीच. पाणी पुन्हा मावळतीच्या पन्हळीतून पडायला लागलं. संतरामानं त्या डोणीपासून थोरलीच्या परसापर्यंत भिंतीतून पाट काढून दिला. तातेराव मात्र अजून सांगतो, की भोपळा एवढा मोठा झाला तो त्याच्या काळ्या मातीमुळंच. चौघांपैकी एखादं पोरगं तेव्हा गोजरबाईच्या मांडीवर बसून भाकरी खात असतं, म्हणून आम्ही व्हय म्हणतो.