तीन दिवसांचं अंतर

आमच्या कंपनीत माणसं दोन प्रकारची: कामावर असलेली आणि तिसरा दिवस उजाडायची वाट बघणारी. एका गोठ्यात पाय ठेवला की पुढचे तीन दिवस दुसऱ्या कुठल्याही जनावराच्या जवळ जायचं नाही, हा आमचा नियम. रोग बुटांतून जातो, केसांतून जातो, माणसाच्या नाकातूनसुद्धा जातो. म्हणून आम्ही अंघोळ करतो, कपडे उकळून काढतो आणि मग नुसते थांबतो. थांबण्यासाठी कंपनीचं एक बैठं घर आहे. त्याला सगळे 'थांबा' म्हणतात.

मी जनावरांची डॉक्टर आणि कंपनीच्या दोन मालकांतली धाकटी. थोरला माझा दादा. मालकीण असले तरी थांब्यात माझं काही चालत नाही. तिथे साबणमावशींचं राज्य. नखं दाखवल्याशिवाय त्या कुणालाही न्हाणीतून बाहेर येऊ देत नाहीत आणि माझे केस त्यांना मुळातच पसंत नाहीत. डॉक्टरीणबाई, एवढ्या केसांत एक अख्खी साथ मावेल, असं त्या मला दर खेपेला ऐकवतात.

पहिल्या दिवशी अंगाला औषधाचा वास असतो आणि डोक्यात कामं असतात. दुसऱ्या दुपारी काहीतरी सैल होतं. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढतं आणि मी त्याच्याकडे बघत पडून राहते. डोळ्यांसमोरून गायी जातात, सावकाश, एकामागून एक. कुठल्या गोठ्यातली कुठली ते कळत नाही. सगळ्या एकाच मोठ्या कुरणाकडे निघाल्यासारख्या दिसतात, आणि त्या कुरणाला एकही फाटक नसतं. मग साबणमावशी टॉवेल झटकतात आणि कुरण जातं.

हा नियम खरं तर बाबांचा. आमच्या लहानपणी आसपास लाळ-खुरकताची साथ आली, तेव्हा बाबांनी फाटकाला कुलूप घातलं. आमचे मामा भेटायला आले, तर सख्ख्या मेहुण्याला त्यांनी फाटकाबाहेर उभं करून चहा दिला. मामांनी कप तिथेच मातीत ठेवला आणि पुढची चार वर्षं तोंड दाखवलं नाही. आजूबाजूचे गोठे रिकामे झाले, आमच्या गायी मात्र वाचल्या. मामांना आजही वाटतं की ते सगळं त्यांचा अपमान करण्यासाठीच होतं.

दादाने त्या कुलपातून गोठे रोगापासून राखणारी कंपनी काढली. एक फवारणीचा पंप, बुटांचे दोन जोड आणि मी, एवढंच भांडवल. पहिल्या वर्षी चार गोठे मिळाले, तेही ओळखीपाळखीचे. लोक हसायचे, गाईला भेटायला अंघोळ करून जायचं म्हणजे काय लग्न आहे का, म्हणायचे. आज बासष्ट गोठे आहेत, एकतीस माणसं आहेत, ट्रक धुणाऱ्या दोन गाड्या आहेत. दादाच्या खोलीत भिंतभर नकाशा लावलाय. तीन वर्षांत दोनशे गोठे, स्वतःची तपासणीची प्रयोगशाळा, नदीपलीकडे दुसरं केंद्र. तो नकाशासमोर उभा राहून बोलायला लागला की त्याचा आवाज हळू होतो. तेव्हा तो मला फार आवडतो.

घोडं अडलं होतं तीन दिवसांवर. या हिशेबाने एका माणसाचे आठवड्याला जेमतेम दोन गोठे होतात. तीनचा एक दिवस केला तर आहेत त्याच माणसांत सगळं बसत होतं. चारशे गायींची एक मोठी डेअरी आमच्याकडे यायला तयार होती, आणि तिच्या ओळखीने आणखी कितीतरी. फक्त नियमाच्या कागदावर डॉक्टर म्हणून माझी सही हवी होती. दादा काही चुकीचं मागत नव्हता. बाकीच्या कंपन्या एकच दिवस थांबतात, काही तर अंघोळीवरच भागवतात. बहुतेक वेळा एक दिवस पुरतो. हे मलाही ठाऊक होतं आणि म्हणूनच मला चीड येत होती.

त्यातच बाबांनी गायी काढायचं ठरवलं. गुडघे गेले होते, खाली बसलं की उठता येत नव्हतं. सातही गायी त्याच मोठ्या डेअरीत जाणार होत्या. चांगली जागा, दादानेच जमवलेली. गाडी गुरुवारी सकाळी येणार होती. मला हे कळलं सोमवारी संध्याकाळी, एका गोठ्यातून थांब्यात परतल्यावर. तिथे दोन गायींना ताप होता आणि तोंडात फोड होते, लाळ-खुरकतात येतात तसे. नमुने तपासणीला पाठवून मी नुकतीच न्हाऊन बाहेर आले होते.

चार वर्षांत मी बाबांच्या गोठ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. एका गोठ्याचे तीन दिवस संपायच्या आत दुसऱ्याचं बोलावणं यायचं. जायची ती फाटकापर्यंतच. बाबा आतून बोलायचे, मी बाहेरून. आत टिकली नावाची गाय होती. शिकत असताना माझ्या हातांनी ओढून काढलेलं पहिलं वासरू. ती मला ओळखते असा माझा दावा नाही. पण एकदा, जायच्या आधी, मला तिच्या मानेवर हात ठेवायचा होता. इतकं काही हवंसं वाटून मला बरीच वर्षं झाली होती.

बुधवारी दुपारी ऊन भिंतीवर चढलं तेव्हा मी कागद काढला. सही केली की एक दिवस पुरे. आणि एक दिवस पुरे असेल तर माझे जवळपास दोन झालेच होते. मी सही केली. खोटं कशाला सांगू, कागद पुन्हा वाचलासुद्धा नाही. साबणमावशींनी कुठे निघालात म्हणून विचारलं, तर घरी म्हटलं. त्यांनी नखं बघितली नाहीत.

रस्ताभर मला हलकं वाटत होतं. बाबांचं फाटक लांबून दिसलं, तेव्हा नेहमी दिसतं त्यापेक्षा ते बुटकं वाटलं.

बाबा कडीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी नेहमीचंच विचारलं.

"किती झाले?"

"दोन. पण आता एक पुरतो, बाबा. कंपनीचा नवा नियम आहे."

"कधीपासून?"

"आजपासून. मी सही केलीये."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"हा नियम सगळ्यांसाठी केलास, की आजच्या दिवसापुरता?"

डोक्यात सोमवारच्या गाईचं तोंड आलं, जिभेवरचे फोड, आणि मग ती चारशे गायींची डेअरी, जिथे या सात उद्या सकाळी जाऊन मिसळणार होत्या. मी दोन पावलं मागे सरले. बाबांनी कडीवरचा हात काढून घेतला.

मग ते आत गेले आणि त्यांनी एकेक गाय सोडून आणली. फाटकापासून वीसेक पावलांवरून ती सावकाश नेली, पुन्हा आत बांधली, मग दुसरी. त्यांचे गुडघे दुखत होते ते चालण्यावरून दिसत होतं, तरी त्यांनी सातही आणल्या. टिकली शेवटी आली. ती थांबली, तिने शेपटी हलवली, मान वळवून दुसरीकडेच बघितलं आणि पुढे गेली. मी फाटकापासून लांब उभी राहून रडले, मोठ्याने रडले. परत जाताना वाटेत मी कागद फाडला.

गुरुवारी संध्याकाळी माझे तीन दिवस भरले. मी पुन्हा गेले, तेव्हा फाटक उघडंच होतं. बाबा घरात झोपले होते. गोठ्यात सात खुंट होते, सात दोर खुंटांना गुंडाळून ठेवलेले. मी दूध काढायच्या स्टुलावर बसले. वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात कोंड्याची धूळ तरंगत होती, आणि क्षणभर मला समोरून गायी जाताना दिसल्या, नेहमीसारख्या, सावकाश.

तेवढ्यात दादाचा फोन आला. सोमवारच्या गोठ्याचा रिपोर्ट आला होता. लाळ-खुरकत नव्हतं, चाऱ्यातल्या कशानेतरी तोंडं आली होती.

"बघ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, वाईटच वाटत होतं त्याला. "एक दिवस पुरला असता. काल जाऊन टिकलीला भेटली असतीस."

"हो, पुरला असता."

"मग योजनेत काय लिहू?"

"तीन."

तो नकाशासमोर उभा असणार, हे मला दिसत होतं.

"मग दोनशे गोठ्यांना बारा वर्षं लागतील गं."

"बारा तर बारा, दादा."

फोन ठेवला. गव्हाणीत सकाळचा चारा थोडा उरला होता, एका कोपऱ्यात सारलेला. कुठल्या गाईला असा चारा टाकायची सवय होती, ते मला सांगता आलं नसतं. चार वर्षांत मी त्यांना खाताना पाहिलंच नव्हतं.