पहिली रांग

आमच्या ओबोचा शहराने सरोवरकाठच्या शहरांच्या संघातून अंग काढून घेतलं ते एका टोपीमुळे. लोक काहीही सांगोत, मी तिथे होतो. नगरपालिकेची लाँच मी चालवायचो, त्यामुळे महापौरांना परिषदेला मीच घेऊन गेलो होतो. तीन देशांतल्या शहरांचे महापौर फोटोला उभे राहिले. आमच्या क्लेमेंट ओसेवेसाहेबांना दुसऱ्या रांगेत जागा मिळाली, आणि पुढच्या बाईंच्या भल्यामोठ्या टोपीने त्यांच्या गळ्यातली महापौरपदाची साखळी पुरती झाकून टाकली. साखळी नवीकोरी होती. परतीच्या वाटेवर ते ती रुमालाने पुसत बसले. पुढच्याच सभेत गरजले, "ओबोचा कुणाच्या मागे उभं राहणार नाही!" नगरसेवकांनी बाकं बडवली आणि आम्ही संघाबाहेर पडलो.

संघाचे बाकीचे ठराव चहाबिस्किटांबरोबर संपायचे. पण एक ठराव खरा होता. आमचं लोल्वे सरोवर माणूस गिळतं एका देशात आणि टाकतं दुसऱ्या देशात. ज्या शहराच्या काठाला प्रेत लागेल त्याने सगळ्या सभासद शहरांना कळवायचं, आणि ज्याचं असेल त्याच्या लाँचवर भर पाण्यातच ते सोपवायचं. पोलीस नको, सरहद्द नको, शिक्के नकोत. पलीकडच्या नाबुलागाची लाँच मुगोया चालवायचा. आम्ही दोघं इंजिनं बंद करून लाँच एकमेकींना बांधायचो, आणि तो दर वेळी विचारायचा, "आई आहे का रे याची?" असली तर टोपी काढायचा. नसली तरी काढायचा, मग विचारायचा कशाला कोण जाणे. मला मात्र त्याचं ते विचारणं बरं वाटायचं.

संघ सोडल्यावर लाँचवरचा वायरलेस परत गेला, कारण तो संघाचा होता. लाँचची किल्ली महापौरांच्या खिशात गेली. मी धक्क्यावर नुसता बसून राहू लागलो.

त्याच पावसाळ्यात पेरेसचा थोरला मुलगा ओबिएरो बुडाला. पेरेसचा नवरा माझा जिवलग मित्र. तो गेल्यापासून तिची दोन्ही पोरं माझ्या डोळ्यांसमोरच वाढली. ओबिएरो रात्री दिव्यावर ओमेना धरायला गेला होता. ती बोटभर चंदेरी मासळी उजेडाला भुलून वर येते. वादळात होडी उलटली. जोडीदार फळी धरून काठाला लागला, ओबिएरो लागला नाही.

आम्ही सगळा काठ पालथा घातला. मग पेरेस म्हणाली, "भावजी, मला साहेबांकडे न्या."

महापौरांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला.

"साहेब, पलीकडच्या गावांना विचारा ना. तिकडे लागला असेल."

"आई, आपण आता संघात नाही. मी विचारायचं म्हणजे आख्ख्या शहराने त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं."

"मग राहा की उभं. मी नाही का तुमच्या दारात उभी राहिले?"

साहेबांनी साखळी चाचपली. "मंत्रालयाला कळवतो. रीतसर उत्तर येईल."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भावजी, रीतसर म्हणजे येणार नाही, असंच ना?"

पलीकडे जाणाऱ्या मासेवाल्यांबरोबर मी मुगोयाला निरोप धाडले. पोचले की नाही, देव जाणे.

पाऊस सरला तसे पेरेसचे दीर, म्हातारे राबाला, येऊन अंगणात बसले. आमच्यात पाण्यात गेलेला माणूस सापडला नाही तर त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात. दुधी भोपळ्यासारखं लांब आणि जड फळ. त्याला गुंडाळतात, रडतात, नाव घेऊन मातीत ठेवतात. नाहीतर गेलेला वणवण फिरतो आणि घरातल्यांना स्वस्थ झोपू देत नाही.

"अजून थोडं थांबू या," पेरेस म्हणाली.

"किती थांबशील? ओलुओचची बायको पोटुशी आहे. दारात असा भटकता जीव ठेवून पोर जन्माला घालणार का?"

ओलुओच तिचा धाकटा. तो खाली बघत काटकीचे तुकडे करत होता.

"आणि मागून सापडला तर?" पेरेसने विचारलं.

राबाला म्हणाले, "मागून सापडला तरी या घराने त्याला घ्यायचं नाही. एका माणसाला दोन कबरी झाल्या की दुसरी कबर याच घरातला माणूस मागते. माझ्या आजाने पाहिलंय. आज हो म्हणालीस तर ते कायमचं हो, पेरेस."

तिने ओलुओचकडे पाहिलं, सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. "पुरा," म्हणाली.

पुरुषमाणूस म्हणून ओबिएरोच्या झोपडीच्या उजव्या हाताला खड्डा खणला. पेरेस अशी रडली की आम्हाला त्या कापडात फळ आहे याचा विसर पडला.

नंतर निवडणूक जवळ आली. संघ सोडल्यापासून पलीकडचे मासळीचे व्यापारी आमच्या बाजारात फिरकेनासे झाले होते, आणि बाजारातल्या बायका साहेबांना भर रस्त्यात सुनवायला लागल्या. "साखळी दिसते हो साहेब, छान दिसते, पण आमची चूल दिसते का?" साहेब परिषदेला गेले आणि आम्हाला परत सभासद करून आले. या वेळी फोटोत पहिल्या रांगेत, मधोमध. तो फोटो नगरपालिकेच्या जिन्यात लागला.

वायरलेस परत बसला त्याच दिवशी मुगोयाचा आवाज आला. "ओगुतू, तुमचा एक माणूस आहे आमच्याकडे. केव्हाचा आहे."

भर सरोवरात आम्ही लाँच बांधल्या. मुगोया चिडलेला होता. "पावसापासून मिशनच्या शवागारात पडलाय. मला वाटतच होतं तुमचा असेल म्हणून. पण संघाच्या यादीतून तुमचं नाव कमी झालेलं, कुणी मला कळवू देईना. मासेवाल्यांना सांगितलं, ते विसरले असतील. आई आहे का रे याची?"

मी कापड बाजूला केलं. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं. पण डाव्या मनगटाच्या वर भाजल्याचा लांबट डाग होता. लहानपणी पेटता दिवा अंगावर ओढून घेतला होता त्याने, तेव्हा त्याला दवाखान्यात मीच खांद्यावरून नेलं होतं.

"आहे," मी म्हणालो. मुगोयाने टोपी काढली.

धक्क्यावर साहेबांनी बँड आणला होता. संघात परत गेल्याचं हे पहिलं फळ, असं ते भाषणात म्हणणार होते. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नसेल. ओळख पटवायला पेरेसला बोलावलं होतं. मागे राबाला, ओलुओच आणि दिवस भरत आलेली सून.

पेरेस पुढे आली. तिने कापड उचललं. नजर सरळ त्या मनगटावर गेली, मला दिसली. तिचा हात तिथे क्षणभर टेकला. मग तिने बाही हलकेच खाली ओढली, डाग झाकला, आणि पोराला थंडी वाजू नये म्हणून आई करते तसं कापड हनुवटीपर्यंत नीट केलं.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"आई, नीट बघा," महापौर म्हणाले. "तुमच्यासाठी तर आणलाय."

"नीट बघितलं, साहेब. माझा मुलगा घरी आहे. सगळ्या गावाने त्याला माती दिली." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "कुणा बिचारीचा असेल. चांगला पुरा त्याला."

राबालांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ओगुतू, तुला काही ओळखता येतंय?"

पेरेस माझ्याकडे बघत नव्हती. ती सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

बँडवाले न वाजवताच गेले. गुरांच्या बाजारामागे नगरपालिकेचं बेवारशांचं स्मशान आहे, तिथे मी आणि दोन कामगारांनी त्याला पुरलं. पाटी नाही, नाव नाही.

पुढे सुनेला मुलगी झाली, धडधाकट. मी बघायला गेलो तेव्हा पेरेसने नात माझ्या मांडीवर दिली आणि हळूच म्हणाली, "भावजी, तो परका कुठे ठेवलात, दाखवाल?"

दुपारी आम्ही दोघं गेलो. ती ढिगाऱ्याभोवती फिरली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"इथे घर नाही," ती म्हणाली. "पुरुषमाणूस घराच्या उजव्या हाताला असतो. इथे उजवा हात कुठला?"

मग तिने चपला काढल्या, ढिगाऱ्याच्या एका अंगाला बसली, पुन्हा उठली, जराशी सरकली आणि अशी बसली की तो तिच्या उजव्या हाताला आला.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी बसते थोडा वेळ."

मी फाटकापर्यंत आलो आणि तिथे मला रडू आवरलं नाही.